‘माझा’तला झ, ‘माझी’तला झ आणि लंडनचा क्लायंट

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंग. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये हे चौथं वर्ष. लिहिण्यात कधी अडत नाही. पण सात महिन्यांपासून लंडनच्या क्लायंटबरोबर रोज कॉल असतो आणि दर दोन वाक्यांनी समोरून ‘सॉरी?’ येतं. मी तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणते, पुन्हा ‘सॉरी?’. झिरो, रिलीज, टेस्ट सूट, व्हॅल्यू, डेव्हलप, फेल... सगळे रोजचेच शब्द. टीममधला एकजण माझ्या ‘झिरो’ची नक्कल करतो. एका क्लासनं तीन महिन्यांत ‘ॲक्सेंट न्यूट्रल’ करून देतो म्हणून 28 हजार रुपये सांगितलेत. भरू का? की मराठी माध्यमामुळे हे आता सुटायचंच नाही? रोज अर्धा तास मी नक्की देऊ शकते.

उत्तर :

पैसे भरू नका, निदान इतक्यात तरी. तुम्ही दिलेले सहा शब्द घेऊन बसलो तर त्यात सहा वेगवेगळ्या गोष्टी चुकताहेत. ‘झिरो’त व्यंजनाची जागा, ‘रिलीज’मध्ये शेवटचा आवाजच दुसरा, ‘सूट’मध्ये स्पेलिंगनं केलेली फसवणूक, ‘व्हॅल्यू’त एक जादा ह, ‘डेव्हलप’मध्ये आघात, म्हणजे कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते, आणि ‘फेल’मध्ये स्वर. यातल्या दोन चुका तर एका मिनिटात सुटतात. या सगळ्यावर ‘ॲक्सेंट’ असं एकच लेबल लावून इलाज करणाऱ्याकडे जायचं कारण नाही.

मिनिटात सुटणाऱ्या आधी घेऊ. ‘टेस्ट सूट’मधला तो शब्द सूट नाहीच, स्वीट आहे, मिठाईच्या स्वीटसारखाच. सूट म्हणजे अंगावर घालायचा. त्या दोहोंच्या स्पेलिंगमध्ये शेवटच्या एका ईचा फरक, म्हणून गफलत होते. ‘रिलीज’चा शेवट ज नाही, स आहे : रिलीस. इन्क्रीस, पर्चस, डेटाबेस हेही सचेच. आणि ‘यूज’ दोन आहेत. क्रियापद असेल तेव्हा शेवटी ज, नाम असेल तेव्हा स. म्हणून तुम्ही रोज म्हणता ती ‘यूज केस’ खरं तर ‘यूस केस’. ‘कॅशे’ नाही, कॅश. ‘टेक्निकल डेब्ट’ नाही, डेट. हे उच्चार तोंडाला जड नाहीत, फक्त कुणी सांगितलेले नसतात. तुमच्या कामातले असे पंधरावीस शब्द असतील. केम्ब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्दाशेजारी ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चारासाठी वेगळी स्पीकरची खूण असते. क्लायंट लंडनचा, तेव्हा ब्रिटिश खूण दाबा. एका रविवारी दुपारी हे काम उरकून टाका.

आता अवघड भाग. मराठी माध्यमाचं म्हणाल तर ते कारण नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेले कितीतरी मराठी लोक ‘झिरो’च म्हणतात. कारण शोधायचं तर ते आपल्या बोलीत आणि लिपीत सापडतं. आपण इंग्रजी शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहून घेतो आणि मग वाचतो. देवनागरीत जे दोन शब्द सारखे लिहिले जातात ते कानालाही सारखेच वाटू लागतात. चाचणीचा ‘टेस्ट’ आणि चवीचा ‘टेस्ट’ लिहून बघा. पेन आणि वेदना, दोन्ही ‘पेन’. तुम्हाला लागणारे बहुतेक आवाज मराठी तोंडात आधीपासून आहेत. ते ठरावीक जागीच बाहेर पडतात, तेवढी सवय मोडायची आहे.

‘झिरो’ घ्या. मोठ्यानं म्हणा : माझा. आता म्हणा : माझी. जीभ कुठे लागते ते बघा. ‘माझा’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी असतं; ‘माझी’ म्हणताना जीभ मागे सरकून टाळूला पसरते. अक्षर एकच, आवाज दोन. ताजा-ताजी, तुझा-तुझी, सगळीकडे हेच. मराठीचा नियमच असा आहे की च, ज, झ यांच्यापुढे इ, ई, ए किंवा य आला की ते तालव्य होतात. हा नियम कुणी शिकवत नाही, तो दुधाबरोबर येतो, आणि इंग्रजी बोलतानाही चालूच राहतो. म्हणून ‘झोन’, ‘ब्राउझर’, ‘रिझल्ट’ हे शब्द तुमचे बऱ्यापैकी जमत असतील. क्लायंटला ते कळतातही. पण झिरो, झिप, ईझी, बिझी, व्हिजिट, म्युझिक इथे पुढे इ आली की झ मागे घसरतो. ‘यूझर’ बरोबर आणि ‘यूझिंग’ चूक, ‘फ्रीझ’ बरोबर आणि ‘फ्रीझिंग’ चूक, असं अनेकांचं होतं ते याचमुळे. ‘माझा-माझी’चाच तो खेळ.

हा आवाज दाखवायला या उत्तरापुरता खाली नुक्ता देऊन ज़ लिहू. तो आणायचा असा. आधी साधा स लांब धरा, साप फुसकारतो तसा, तीन सेकंद. हाताची दोन बोटं गळ्यावर, कंठमण्याच्या जागी. जीभ जराही न हलवता आवाज सुरू करा. गळ्यात थरथर जाणवली की तोच ज़. मधमाशीसारखा गुणगुणतो. तो धरून ठेवता आला पाहिजे. धरता आला नाही आणि फट्कन सुटला, तर जीभ मध्येच टेकली आहे, म्हणजे ‘द’ची चव असलेला आपला ‘आज’मधला ज आला. तो मराठीत ठीक, इथे नको. मग ज़ज़ज़ज़ असा धरूनच त्याला एकेक स्वर लावा, सोप्याकडून अवघडाकडे : ज़ा, ज़ो, ज़ू, मग ज़े, शेवटी ज़ी. ‘ज़ी’ला जीभ मागे पळायला बघेल. तेव्हा पुन्हा स वर या : सी, सी, सी, ज़ी. ‘सी’ म्हणताना जीभ जिथे आहे तिथेच ‘ज़ी’. त्यानंतर शब्द : ज़िप, ज़ीरो, ईज़ी, बिज़ी, यूज़िंग, क्लोज़िंग. झमधला ह पूर्ण काढून टाका, इंग्रजीत तो नाही. रोज दहा मिनिटं दिलीत तर साधारण आठवड्यात एकटा शब्द जमतो. बोलण्याच्या भरात जमायला मात्र तीनचार आठवडे धरा. नक्कल करणाऱ्या त्या सहकाऱ्याला एकदा ‘बिज़ी’ म्हणायला सांगून बघा. तोही मराठी असेल तर करमणूक होईल.

एक सावधगिरी. सोलापूर, मराठवाड्याच्या काही भागांत आणि इतरत्रही बोलीत सपुढे इ आली की त्याचा श होतो, ‘सिनेमा’चा ‘शिनेमा’. तुमचा तसा होत असेल तर वरचा ‘सी, ज़ी’चा व्यायाम आधीच फसेल, म्हणून पहिल्या दिवशी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून ‘सी’ खरंच सी आहे ना ते बघा. आणि श आलाच आहे तर, एक्सेलच्या ‘शीट’मधली ई कधीही आखूड करू नका. का ते तुम्हाला माहीत आहे.

आता ती ई. जहाज आणि मेंढी, यादी आणि ‘सर्वांत कमी’, राहणं आणि सोडून जाणं : लिहिताना आपण शिप-शीप, लिस्ट-लीस्ट, लिव्ह-लीव्ह असा फरक करतो, बोलताना करत नाही. मराठी बोलण्यात ह्रस्व-दीर्घ हे शब्दातल्या जागेवरून ठरतं. गरीब, वकील, जमीन, फूल असे व्यंजनावर संपणारे शब्द आपोआप लांबतात, आणि शुद्धलेखनाचा नियमही तेच सांगतो. त्याच सवयीनं ‘फिल’चं फील, ‘विल’चं वील, ‘बिल्ड’चं बील्ड होतं. इथे नुसतं आखूड करून भागत नाही. आखूड इ ही इंग्रजीत वेगळ्या जागेवरून येते, आपल्या इ आणि ए यांच्या मध्ये कुठेतरी, जबडा सैल सोडून. आरशासमोर ओठांच्या कोपऱ्यांवर दोन बोटं ठेवा. ‘शीप’ म्हणताना कोपरे बाहेर ओढले गेले पाहिजेत, हसल्यासारखे. ‘शिप’ म्हणताना ते जागचे हलता कामा नयेत. कंटाळलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं म्हटलेली इ बरोबर येते.

‘फेल’चा प्रश्न उलटा आहे. मराठीत ए एकच. इंग्रजीत दोन : एक आखूड, स्थिर (चाचणीच्या टेस्टमधला, ‘वेब’मधला, ‘सेट’मधला) आणि एक सरकणारा, ए पासून निघून इ कडे जाणारा (चवीच्या टेइस्टमधला). तुमचं ‘फेल’ सरकत नाही, म्हणून लंडनच्या कानाला ते ‘पडला’ या अर्थाच्या भूतकाळी शब्दासारखं लागतं. ‘बिल्ड पडलं’ ऐकून माणूस ‘सॉरी?’च म्हणणार. सरकणारा ए मराठीत सापडतो, दोन अक्षरांत : ‘देईन’, ‘येईल’, ‘नेईल’. ‘येईल’ भरभर म्हणा, त्यातलं ‘एई’ एका झटक्यात घ्या, आणि पुढे फ लावा : फेइल. तसंच सेइव्ह, पेइज, डेइट, वेइट, लेइट, नेइम. आखूडसाठी पत्त्यांतला ‘एक्का’ म्हणा. जोडाक्षराच्या आधी तो ए आपोआप तोकडा होतो. तोच ‘वेब’मध्ये. तुमच्या कामात हे दोन ए सतत येतात, म्हणून यावर ज़इतकाच वेळ द्या.

ओचंही असंच, त्याचाही इंग्रजीत ‘ओउ’ होतो. पण साध्या ओनं क्वचितच अडतं, सोडून द्या.

‘व्हॅल्यू’कडे येऊ. इथे आपल्या लिपीनं एक चांगलं काम केलंय आणि लगेच बिघडवलंय. वॉटर, वेब, वीक असा व, आणि व्हॅन, व्हिडिओ, व्हर्जन असा व्ह : हा फरक मराठी लिहिणाऱ्याला शाळेपासून ठाऊक असतो. पण मग स्पेलिंगमध्ये डब्ल्यूपुढे एच दिसला म्हणून आपण व्हॉट, व्हाय, व्हाइट, व्हील असंही लिहून बसलो. लंडनमध्ये तो एच कुणी उच्चारत नाही. ते सगळे साधे व आहेत : वॉट, वाय, वाइट, वील. आपण ‘व्हाइल’ म्हटलं की ‘दुष्ट, किळसवाणा’ असा अर्थ असलेला शब्द होतो. ‘व्हेल’ मासा म्हणता म्हणता बुरखा होतो. दुसरं, खऱ्या व्हमध्येही ह नसतो. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलके ठेवायचे आणि आवाज काढत हवा सोडायची. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. हाही आवाज ज़सारखा लांब धरता येतो. धरता आला नाही तर दात टेकलेले नाहीत. आणि व? त्यात दातांचं कामच नाही. ‘ऊ’ म्हणायला ओठ गोल करा आणि तिथून झटकन पुढच्या स्वरावर जा : ऊ-एब, वेब. ऊ-एइट, वेइट. आरशात बघून म्हणा : व्हला दात दिसतात, वला ओठांचा चंबू.

चूक कुठे होते तेही सांगतो. एकटा शब्द येतो, पण वाक्यात व आणि व्ह एकापाठोपाठ आले की तोंड मधला रस्ता धरतं, तोच आपला मराठी व, ना ओठ गोल ना दात टेकलेले. म्हणून सराव मिसळीचाच करायचा : ‘वी विल व्हेरिफाय एव्हरी व्हॅल्यू ऑन वेन्ज़डे.’ आधी इतकं हळू की प्रत्येक व्हला थांबून दात टेकवता येतील. वेग आठवड्यानं. बुधवारच्या स्पेलिंगमधला पहिला ‘ड’ बोलताना गायब असतो, तो शोधू नका.

आता ज्यावर निम्मा वेळ द्यायला हवा तो भाग : आघात. 1969 मध्ये हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेनं आर. के. बन्सल यांचा, भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत कळतं यावरचा अभ्यास छापला. न कळण्याच्या मोठ्या कारणांत शब्दातला आघात चुकणं होतं. मराठीत आपण अक्षरं जवळपास सारख्या वजनानं टाकतो. डेव्ह-लप म्हटलं काय आणि डे-व्हलप म्हटलं काय, अर्थ तोच. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तोच मुळी उठलेल्या अक्षरावरून. तुम्ही ‘डे’ उठवलंत की तो ‘डे’ने सुरू होणारे शब्द मनात शोधू लागतो, तोवर तुमचं वाक्य पुढे गेलेलं असतं.

डि-व्हे-लप. मधलं ‘व्हे’ उठवा. उठवणं म्हणजे ओरडणं नव्हे. ते अक्षर थोडं लांब, थोडं वरच्या सुरात, थोडं ठसठशीत. आणि याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची : बाकीची अक्षरं पाडायची. ती कशात पाडायची? आपल्या ‘अ’मध्ये. इंग्रजीत सर्वाधिक येणारा दुबळा स्वर हा जवळजवळ आपला अ आहे, आणि तो आपल्याला फुकट मिळालाय. फक्त आपण स्पेलिंगकडे बघून तिथे ए, ऑ, ॲ असे भरभक्कम स्वर घालतो. ‘कॉम्पोनंट’ नव्हे, कम-पो-नंट. ‘पॅरामीटर’ नव्हे, प-रॅ-मि-ट. ‘कॉन्फिगर’ नव्हे, कन-फि-ग. ‘कम्फर्टेबल’मध्ये तर चार अक्षरंही नाहीत, तीनच : कम्फ-ट-बल, पहिलं उठलेलं. ‘व्हेजिटेबल’ही तसंच, व्हेज-ट-बल.

सरावाला एक जाडसर रबर बँड घ्या. दोन हातांच्या अंगठ्यांत अडकवा आणि शब्द म्हणताना उठणाऱ्या अक्षरावर ताणा, बाकीच्यांना सैल सोडा. हास्यास्पद वाटतं, पण अक्षर लांबवायचं म्हणजे काय हे हाताला कळलं की तोंडाला कळतं. शब्दकोशात उच्चाराच्या खुणांमध्ये एक उभी बारीक रेघ वर दिलेली असते. ती ज्या अक्षराच्या आधी असते ते उठवायचं. नंतरचं नाही, आधीचं नाही. इथे बरेच जण गोंधळतात, रेघेच्या मागचं अक्षर उठवतात.

सगळं पाठ करावं लागत नाही. शन, इक, इटी या शेवटांच्या लगेच आधीचं अक्षर उठतं : ऑटो-मॅ-टिक, ॲप्लि-केइ-शन, सि-क्यु-रिटी. दोन अक्षरी शब्द क्रियापद असेल तर बहुधा दुसरं उठतं : डि-लीट, रि-पोर्ट, रि-क्वेस्ट. यातले काही नाम म्हणून वापरले तरी दुसरंच उठतं. ‘रेकॉर्ड’ मात्र जागा बदलतो : नोंद या अर्थी रे उठतो, नोंदवणं या अर्थी कॉ. प्रोसेस, ॲक्सेस, एरर, इनपुट, आउटपुट यांत पहिलं. सक्सेस, इव्हेंट, रिज़ल्ट यांत दुसरं. अनॅलिसिसमध्ये ‘नॅ’, पण ‘ॲनलाइज़’मध्ये ‘ॲ’. अपवाद भरपूर आहेत, म्हणून नियमापेक्षा तुमच्या कामाच्या शब्दांची यादी उपयोगी.

यादी अशी करा. तुमच्या गेल्या महिन्याच्या टेस्ट रिपोर्टमधून वारंवार येणारे चाळीस शब्द काढा. चाळीसच. प्रत्येकाचा उठणारा भाग अधोरेखित करा, आणि ज़, व्ह, एइ, आखूड इ यांपैकी काही असेल तर त्यावर रंग लावा. क्लायंट रोज हेच चाळीस शब्द ऐकतो. संपूर्ण इंग्रजी सुधारण्यापेक्षा हे चाळीस सुधारले की कॉल बदलतो.

अर्ध्या तासाची वाटणी : पहिली पाच मिनिटं फक्त ऐकणं. कान फरक ऐकत नसेल तर तोंडाला तो करता येत नाही, आणि हीच पायरी लोक गाळतात. रूममेटला शब्दकोशातली जोडी (चाचणी-चव, जहाज-मेंढी) तुमच्याकडे पाठ करून वीस वेळा वाटेल तशी वाजवायला सांगा. तुम्ही कागदावर कुठला शब्द ते लिहा. वीसपैकी सतरा येईपर्यंत त्या जोडीचा उच्चार करायला घेऊ नका. पुढची दहा मिनिटं एकच आवाज, वर सांगितल्याप्रमाणे. उरलेली पंधरा मिनिटं आघात : यादीतले दहा शब्द, आधी सुटे, मग उद्याच्या कॉलवर खरंच म्हणणार आहात त्या वाक्यांत. पहिले दोन आठवडे ज़, पुढचे दोन सरकणारा ए, मग व्ह आणि व, मग इ. एका वेळी दोन आवाज घेतले की दोन्ही अर्धे राहतात.

तपासायला फोनचं बोलून टाइप करण्याचं साधन वापरा, पण भाषा ‘इंग्लिश (युनायटेड किंग्डम)’ निवडा. भारतीय इंग्रजी निवडलंत तर ते आपल्या चुका समजून घेतं, आणि तुम्हाला खोटं समाधान मिळतं. वाक्य बोलू नका, सुटा शब्द बोला. वाक्य दिलं की ते संदर्भावरून अंदाज बांधतं. दहादा म्हणून आठदा बरोबर उमटला की पुढे जा. ‘वेइट’ म्हटल्यावर ‘ओला’ या अर्थाचा शब्द उमटला तर ए सरकलेला नाही. कधीकधी यंत्रच चुकतं, त्यामुळे दोन दिवस सलग तेच आलं तरच मनावर घ्या.

शब्दांचे शेवट राहिले. भूतकाळाच्या ‘एड’चे तीन उच्चार आहेत. आधी ट किंवा ड असेल तरच ‘इड’ : टेस्टिड, ॲडिड. क, प, स, श, च यांसारख्या अघोषानंतर, म्हणजे ज्यांना गळा थरथरत नाही अशा आवाजानंतर, ट : चेक्ट, फिक्स्ट, लाँच्ट, क्लिक्ट. बाकी ठिकाणी ड : लॉग्ड, फेइल्ड. आणि ‘टेस्ट्स’, ‘क्लायंट्स’ म्हणताना जीभ अडखळते ना? आपल्याकडे त्याचं तयार औषध आहे. ‘पाच’मधला च. चहातला नव्हे, पाचातला, दातांजवळचा. तो म्हणजेच ट आणि स एकत्र. ‘टेस’ म्हणा आणि पुढे पाचातला च लावा. ‘क्लायन’ आणि पाचातला च. तुम्हाला हा आवाज जन्मतःच आलेला आहे.

शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये इंग्रजी माणूस हवेचा छोटा फुंकर टाकतो. आपण टाकत नाही, म्हणून आपलं ‘पोर्ट’ त्याला बसारखं लागू शकतं, ‘कोल्ड’ गसारखं. बोटभर रुंद कागदाची पट्टी ओठांसमोर धरा. ‘पिन’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ म्हणताना नाही. जुनी माणसं ओठ मिटून ‘फळ’ म्हणतात त्या फच्या दिशेनं निम्मं अंतर जा. पूर्ण गेलात तर अति होतं.

आणि थ? ‘थिंक’, ‘थ्री’, ‘दॅट’? त्यावर क्लासवाले सर्वांत जास्त वेळ घालवतात, कारण जीभ दातांतून बाहेर काढून दाखवायला सोपी. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 2000 मध्ये, निरनिराळ्या मातृभाषांचे लोक एकमेकांशी इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी नेमकं काय लागतं याची एक यादी मांडली. त्यात हे दोन आवाज त्यांनी जाणूनबुजून वगळले, आणि शब्दारंभीचा तो हवेचा फुंकर मात्र ठेवला. आमचंही मत तेच. तुमचा थ आणि द आहे तसा राहू द्या. रलाही हात लावू नका. अमेरिकी पद्धतीनं र वळवणाऱ्या आणि बाकी सगळं मराठीच ठेवणाऱ्या माणसाचं बोलणं समजायला जास्त कठीण जातं.

कॉलवर ‘सॉरी?’ आलं की तेच वाक्य मोठ्यानं म्हणणं आजपासून बंद. आवाज चढवला की सगळीच अक्षरं उठतात आणि असलेला आघातही जातो. अडलेला शब्द बदला : टेस्ट स्वीट नाही कळलं तर ‘द सेट ऑफ टेस्ट्स’ म्हणा. किंवा चॅटमध्ये टाइप करून मग एकदा म्हणा, म्हणजे त्याच्या कानालाही तुमचा उच्चार कळतो. वाक्य अर्थाच्या तुकड्यांत तोडा आणि तुकड्यांमध्ये थांबा. आपण घाबरलो की वेग वाढवतो आणि थांबे खातो. ऐकणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास त्याचा होतो.

आकड्यांत विशेष जपा. 13 आणि 30, 15 आणि 50 यांत चूक झाली तर ‘सॉरी?’ही येत नाही, चुकीचा आकडा नोंदला जातो. ‘फिफ्टीन’मध्ये टीन उठवा आणि न वाजवा, ‘फिफ्टी’त फिफ. शंका असेल तर लगेच पुढे ‘वन फाइव्ह’ जोडा. बी, डी, पी, व्ही आणि एम, एन ही अक्षरं तर फोनवर इंग्रजांनाही कळत नाहीत. वैमानिक 1956 पासून वापरतात ती शब्दमाला बिनदिक्कत वापरा : ब्रॅव्हो, डेल्टा, पापा, व्हिक्टर, माइक, नोव्हेंबर.

तीन महिन्यांनी आजच्या आणि त्या दिवसाच्या एकाच परिच्छेदाची दोन रेकॉर्डिंग शेजारी शेजारी ऐका; म्हणून आज रात्रीच पहिलं करून ठेवा, रिपोर्टचं एक पान, साधारण दोन मिनिटं. तेव्हाही आघात हाताला लागत नसेल तर शिकवणी लावा, पण क्लासची नाही, एकट्यासाठी शिकवणाऱ्याची. पहिल्याच भेटीत तुमचं रेकॉर्डिंग ऐकून ‘इथे आणि इथे’ असं बोट ठेवणारा असेल तरच. 28 हजारवाल्यांना हाच एक प्रश्न फोनवर विचारून बघायला हरकत नाही : माझं ‘यूज़िंग’ चुकतं आणि ‘यूज़र’ चुकत नाही, ते का?